शँडीची शेंडी

मराठीत पाल्हाळ लावणाऱ्याला हिणवायला शब्दांची ददात नाही. नमनाला घडाभर तेल, मारुतीचं शेपूट, चऱ्हाट, गुऱ्हाळ. ज्या भाषेत एवढे शब्द, त्या भाषेच्या लोकांना पाल्हाळ मनातून आवडत असणार, अशी मला जुनी शंका आहे. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या एका पाद्र्याने हे नमनाचं तेल नऊ खंड पुरवलं. त्याचं नाव लॉरेन्स स्टर्न आणि कादंबरीचं नाव 'ट्रिस्ट्रम शँडी'. पहिले दोन खंड १७५९च्या डिसेंबरात निघाले, नववा १७६७ साली. पुढच्याच वर्षी स्टर्न क्षयाने गेला, म्हणून नऊवर भागलं.

ट्रिस्ट्रम आपलं चरित्र सांगायला बसतो आणि सुरुवात करतो ती थेट गर्भधारणेच्या रात्रीपासून. त्याचे वडील वॉल्टर भारी नेमाचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री घरातल्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायची आणि संसारातलं आणखी एक कर्तव्य त्याच रात्री उरकून टाकायचं, म्हणजे महिनाभर कटकट नाही. आईच्या डोक्यात या दोन गोष्टींची अशी गाठ बसलेली की ऐन वेळी ती विचारते, "अहो, घड्याळाला किल्ली द्यायला विसरला नाहीत ना?" वडील भडकतात, त्यांचं लक्ष उडतं. पुढच्या सगळ्या दुर्दैवाचं मूळ या प्रश्नात आहे, असं ट्रिस्ट्रमचं ठाम मत. इतकं सांगून झाल्यावर माणूस जन्माला येतो तो तिसऱ्या खंडात. प्रस्तावनाही तिसऱ्याच खंडात सापडते, कारण पात्रं आपापल्या कामात गुंतल्यामुळे लेखकाला तेव्हा कुठे सवड मिळाली. एक पात्र मरतं तिथे पान काळंकुट्ट छापलंय. एक पान कोरं आहे: विधवा वॅडमन इतकी सुंदर, की तिचं चित्र वाचकानेच मनासारखं काढून घ्यावं. एक प्रकरण गायब आहे आणि पानांचे आकडे तेवढे पुढे सरकलेत. एका जागी नुसता अबरीचा कागद, आपल्या जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर असायचा तसला. हे पान पहिल्या आवृत्तीत हाताने रंगवून घेतलं होतं. म्हणजे कुठल्याही दोन वाचकांच्या हातात तंतोतंत एकच पुस्तक नव्हतं!

अशा पुस्तकावर सिनेमा होणं शक्य नाही, असं जाणकार वर्षानुवर्षं सांगत आले. २००५ साली ब्रिटिश दिग्दर्शक मायकेल विंटरबॉटमने तो केला. 'अ कॉक अँड बुल स्टोरी', म्हणजे आपल्या भाषेत लोणकढी थाप. सिनेमा जेमतेम दीड तासाचा आणि चक्क विनोदी. एका लहानशा फिल्म क्लबच्या खेळाला मी तो पाहिला. संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उभं राहून विचारलं, "सगळं ठीक आहे हो, पण यात गोष्ट कुठंय?" प्रश्न रास्त होता. ते गृहस्थ पुन्हा भेटतील या लेखात, शेवटी.

पुस्तकावर सिनेमा निघाला की आपण बहुतेक जण तलाठ्यासारखे वागतो. सातबारा घेऊन बसायचं आणि एकेक नोंद पडताळायची. हा प्रसंग आला का? तो संवाद होता का? नायिका पुस्तकात सावळी होती, ही गोरी कशी? शेवट का बदलला? यादी जुळली की सिनेमा 'पुस्तकाशी प्रामाणिक', नाही जुळली की 'कादंबरीची सर नाही'. आणि यादीच करता येत नाही असं एखादं पुस्तक भेटलं, तर त्यावर शिक्का मारून मोकळं व्हायचं की यावर सिनेमा होऊच शकत नाही. मला हा शिक्का आळसाचा वाटतो. त्याहून पुढे जाऊन म्हणेन, तो चुकीच्या पुस्तकांवर मारला जातो.

बघा, ज्या कादंबरीत ठसठशीत गोष्ट असते, तिचं काय होतं? सिनेमावाला येतो, गोष्ट उचलतो आणि जातो. घरातले दागिने गेले, घर जागच्या जागी. ते सांगणारा आवाज, मध्येच घेतलेला श्वास, वाचकाला चिमटा काढायची खोड, हे सगळं तिथेच राहतं आणि ते कुणाला चुकल्यासारखंही वाटत नाही, कारण गोष्ट सुखरूप पोचलेली असते. 'ट्रिस्ट्रम शँडी'त चोरण्याजोगा दागिनाच नाही. मुलाचं नाक डॉक्टरच्या चिमट्यात चेपलं, नाव चुकीचं पडलं, एक खिडकी पडली, काका जायबंदी आहे. संपली गोष्ट. इथे चोराला काही न्यायचंच असेल, तर घरच उचलून न्यावं लागतं. विंटरबॉटमने तेच केलं. मान्य, वाटेत दोन-चार खोल्या सांडल्या.

कसं, ते जरा जवळून सांगतो. सिनेमा सुरू होतो मेकअपच्या खोलीत. स्टीव्ह कूगन आणि रॉब ब्रायडन हे ब्रिटनचे दोन विनोदी नट, दोघंही स्वतःचीच भूमिका करतायत. कूगनला ट्रिस्ट्रम आणि त्याचे वडील वॉल्टर अशी दोन पात्रं मिळालीत, ब्रायडनला टोबीकाका. पडद्यावर पहिली चर्चा कशावर? ब्रायडनच्या दातांच्या रंगावर. आणि मग, टोबीकाका ही दुय्यम भूमिका मानायची की बरोबरीची, यावर. नंतर कूगन अठराव्या शतकातल्या पोशाखात बागेतून आपल्याशी बोलत येतो आणि ट्रिस्ट्रमचं लहानपण दाखवू लागतो. दाखवता दाखवता सांगतो की हा मी नव्हे, माझं काम करणारा बालनट आहे. आलेल्या पोरांतला त्यातल्या त्यात बरा. पोरगं ऐकून घेत नाही, उलट बोलतं. मग अर्ध्या रस्त्यात बाळंतपण अडतं, कारण चित्रीकरणच थांबतं. तिथून पुढे सिनेमा बराचसा सिनेमा काढणाऱ्यांचाच होतो: पैसे कमी, लढाईचा देखावा फिका, निर्मात्यांना प्रेमप्रकरण हवंय, आणि कूगनच्या डोक्यात एकच किडा, की आपल्या बुटांची टाच ब्रायडनच्या टाचेपेक्षा उंच असली पाहिजे. मुलाखतीत तो ऐटीत सांगतो की ही आधुनिकतेच्या आधीच लिहिलेली उत्तर-आधुनिक कादंबरी आहे. त्याने ती वाचलेलीच नाही.

अभ्यासू माणसाला वाटेल, हा पुस्तकापासून पळ काढणं झालं. मला उलट वाटतं. ट्रिस्ट्रमची कैफियतच मुळी ही आहे: चौथ्या खंडात तो हिशोब मांडतो की लिहायला बसून वर्ष झालं आणि मी अजून आयुष्याच्या पहिल्याच दिवसावर. म्हणजे लिहायला घेतलं तेव्हापेक्षा आता माझ्याकडे ३६४ दिवस जास्त शिल्लक आहेत. लिहावं तितकं काम वाढतंय! जगणं पुढे धावतंय आणि सांगणं मागे पडतंय, या शर्यतीवर पुस्तक उभं आहे. सिनेमा काढणाऱ्या टोळक्याचं दुसरं काय चाललंय? दिवस संपतायत, पैसा संपतोय, नायक अजून आईच्या पोटात. पोटातसुद्धा अक्षरशः: एक भलंमोठं पारदर्शक गर्भाशय बनवून घेतलंय आणि त्यात कूगनला उघडा, डोकं खाली करून टांगलाय. आतून तो तक्रार करतोय. अख्ख्या सिनेमातलं कादंबरीशी सर्वांत इमानी दृश्य मला तेच वाटतं, आणि ते कादंबरीत कुठेही नाही.

अजून एक धागा. ट्रिस्ट्रमच्या जन्मानंतर वॉल्टर मुलाच्या संगोपनावर एक महाग्रंथ लिहायला घेतात, 'ट्रिस्ट्रापीडिया'. कोणत्या वयात काय शिकवायचं याचा संपूर्ण आराखडा. तीन वर्षं होतात, ग्रंथ अर्ध्यावरही नीट येत नाही, आणि ज्याच्यासाठी लिहायचा ते पोर ग्रंथाच्या पुढे निघून गेलेलं. बाप लिहितोय, म्हणून बापाला मुलाकडे बघायला वेळ नाही. सिनेमात हा ग्रंथ मिरवलेला नाही. पण कूगनची मैत्रीण तान्ह्या बाळाला घेऊन चित्रीकरणाच्या गावी हॉटेलात येऊन राहिलीय, आणि हा बाप टाच, मुलाखत, रात्रीची बैठक यांतून बाळापर्यंत पोचेपर्यंत बाळ झोपलेलं असतं. तलाठ्याच्या यादीत इथे 'वगळले' असा शेरा पडेल. माझ्या लेखी वॉल्टर शँडी पडद्यावर आला तो इथे. विग लावून फिरणारा नुसता देखणा.

आता टोबीकाका. मला जे म्हणायचंय ते त्याच्याकडूनच नीट कळतं. १६९५ साली, आजच्या बेल्जियममधल्या नामूरच्या वेढ्यात काकाला जांघेत जखम झाली. नक्की कुठे, म्हणजे रणांगणावर कुठे, ते लोकांना समजावताना त्याची तिरपीट उडायची. खंदक कुठला, तट कुठला, शब्दांत सांगता येईना. म्हणून त्याने नकाशा मागवला. नकाशाने भागेना, म्हणून ट्रिम नावाच्या आपल्या हुजऱ्याला घेऊन घरामागच्या हिरवळीवर मोजमापाने किल्ला उभारला. पुढे युरोपात जिथे जिथे वेढा पडेल, त्याची बातमी वर्तमानपत्रात यायची आणि हे दोघे तसाच तट, तसेच बुरूज हिरवळीवर बांधून, तसेच पाडायचे. तारखेबरहुकूम. युद्धाचं इतकं प्रामाणिक रूपांतर जगात झालं नसेल! पण तोफा ओतायला शिसं हवं. ट्रिमने घरातल्या खिडक्यांच्या वर-खाली सरकणाऱ्या तावदानांची आतली शिशाची वजनं काढून घेतली, कप्पीसकट. एके दिवशी मोलकरीण सुझानाने पाच वर्षांच्या ट्रिस्ट्रमला लघवीसाठी त्यातल्याच एका खिडकीशी उभं केलं. वजनं नसलेलं तावदान धाडकन खाली. बाकी आपण समजून घ्या. आमच्याकडे लेख घरात मोठ्याने वाचतात.

पुस्तकाशी प्रामाणिक राहण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मला ही हिरवळ दाखवायची असते. बुरूज बरोबर आहेत, खंदकाचा कोन बरोबर आहे, आणि त्या बरोबरपणासाठी घरातल्या खिडक्यांतलं शिसं गेलंय. सिनेमात याचा एक वारस आहे. लष्करी तपशिलांचा एक सल्लागार सेटवर ठेवलाय, तो गणवेशाच्या अचूकपणावरून जीव काढतो. इतका खटाटोप करून घेतलेली लढाई पडद्यावर बघतात तेव्हा मूठभर माणसं चिखलात धावताना दिसतात. शेवटी ती लढाई सिनेमातून सरळ कापली जाते. प्रेमप्रकरण हवं म्हणून अमेरिकेतून जिलियन अँडरसन या नटीला फोन करून विधवा वॅडमनच्या भूमिकेसाठी बोलावतात. ती येते, आणि तिच्याही वाट्याला कात्री. म्हणजे 'हे हवंच' असं ज्याच्याविषयी सगळे म्हणत होते, तेच गेलं. राहिलं काय, तर ते हवं-नको ठरवणारी बैठक. स्टर्न असता तर त्याने टाळ्या दिल्या असत्या.

याच विंटरबॉटमने टॉमस हार्डीच्या कादंबऱ्यांवर तीन सिनेमे केलेत. त्यातला २०११चा 'तृष्णा' आपल्या इथला. 'टेस'ची कथा उचलून राजस्थानात आणि मुंबईत आणली, मुंबईच्या फ्रीडा पिंटोला नायिका केली, कादंबरीतल्या दोन पुरुषांचा मिळून एक पुरुष केला. देखणा सिनेमा आहे. कथा सुखरूप आली. पण हार्डीचा तो दगडासारखा जड निवेदक, टेसच्या बाजूने जगाशी भांडणारा, तो कुठे गेला? गोष्ट इतकी भक्कम होती की दिग्दर्शकाला त्याला शोधायची गरजच पडली नाही. तोच माणूस, तीच हुशारी. ज्या पुस्तकात गोष्ट होती तिथे तो गोष्ट घेऊन आला, आणि जिथे नव्हती तिथे त्याला पुस्तक आणावं लागलं.

दुसरं उदाहरण मुंबईतच जन्मतं, मध्यरात्रीच्या ठोक्याला. सलमान रश्दींच्या 'मिडनाइट्स चिल्ड्रन'वर (१९८१) स्टर्नचं ऋण उघड दिसतं: घड्याळ, भलंथोरलं नाक, आणि जन्माला यायला पानंच्या पानं घेणारा निवेदक. सलीम आपली कथा सांगतो ती लोणच्याच्या कारखान्यातल्या पद्माला. ती मध्ये मध्ये चिडते, पुढे काय झालं ते सांग म्हणून टोचते, रुसून निघून जाते. त्या टोचण्यावर पुस्तक चालतं. २०१२ साली दीपा मेहतांनी सिनेमा केला, पटकथा स्वतः रश्दींची, पडद्यामागचा आवाजही त्यांचाच. याहून प्रामाणिकपणाची हमी कोण देणार? घटना बऱ्याच आल्या. पद्मा मात्र गेली. अडीच तासांच्या आसपासचा तो सिनेमा मी आदराने पाहिला, आणि आदर वाटत असताना माणूस घड्याळाकडे बघतो हे तुम्हालाही ठाऊक आहे. शँडीच्या सिनेमात टोचणारं माणूस पुस्तकातलं नाही, ते ब्रायडन आहे. पण आहे. सांगणाऱ्याला कुणीतरी अडवतंय, त्याची ऐट उतरवतंय, म्हणून सांगणं जिवंत राहतं.

हे सगळं परकं आहे, आपल्या प्रेक्षकाला झेपणार नाही, असंही कुणी म्हणतं. मला हसू येतं. नारदीय कीर्तनात बुवा एक पद घेऊन उभे राहतात, त्यातून उपनिषदात जातात, तिथून शेजारच्या आळीतल्या भांडणात, मध्येच पेटीवाल्याला कोपरखळी, आणि आता मूळपद विसरलेच म्हणून आपण मांडी बदलतो तेवढ्यात अलगद त्याच ओळीवर येऊन उभे. तमाशात गण, गवळण, बतावणी होता होता वग लागायला अर्धी रात्र सरते. वगात राजा दरबार भरवून बसला की सोंगाड्या त्याच्या मुकुटाची किंमत काढतो, राजा हसू दाबतो, आणि तेवढ्यापुरता राजा नसून रोजंदारीवरचा नट असतो. कुणी उठून विचारत नाही की दरबाराचा भ्रम का मोडला. पाटावर बसून ऐकणाऱ्याला जे कळतं, ते खुर्चीत बसल्यावर कळेनासं होतं की काय, देव जाणे.

हल्ली एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. म्हणे दोन तासांत मोठं पुस्तक मावत नव्हतं ते खरं, पण आता मालिकांचा जमाना आहे. आठ भाग द्या, सोळा द्या, सगळं बसतं. कोलंबियाचा कादंबरीकार मार्केस, त्याने हयातीत 'एकशे वर्षांचा एकांत' ('वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड') या कादंबरीचे हक्क विकले नव्हते. त्याच्या मुलांच्या संमतीने २०२४च्या डिसेंबरात तिच्यावरच्या मालिकेचे पहिले आठ भाग आले, स्पॅनिशमध्ये, कोलंबियात चित्रित केलेले. कष्ट घेतलेत, शंका नाही. पण 'सगळं बसतं' हे उत्तर मुळात कोणत्या प्रश्नाचं आहे? पुस्तक म्हणजे सामान आणि सिनेमा म्हणजे ट्रंक, असं धरलं तरच ट्रंक मोठी केल्याने प्रश्न सुटतो. ट्रिस्ट्रमच्या वेगाने एका दिवसाला एक वर्ष लागतं. त्याला कितीही हंगाम दिले तरी तो पाळण्यातच राहणार, आणि पाळण्याशेजारी बसून तो तुम्हाला पाळण्यांचा इतिहास सांगणार.

विषयांतरावर लिहितोय, तर एक मीही करतो, माझगावात. १७६७च्या सुरुवातीला लंडनमध्ये स्टर्न एलायझा ड्रेपर नावाच्या विवाहितेच्या प्रेमात पडला. तो पन्नाशी ओलांडलेला, क्षयाने पोखरलेला. ती बावीस-तेवीसची, केरळातल्या अंजेंगोत जन्मलेली, मुंबईतल्या ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याची बायको. त्याच वर्षीच्या वसंतात नवऱ्याच्या बोलावण्यावरून ती जहाजाने मुंबईला परतली. स्टर्न तिच्यासाठी रोजनिशी लिहीत राहिला आणि वर्षभरात वारला. १७७३ साली एलायझाने माझगावातलं नवऱ्याचं घर सोडलं, आणि सांगतात असं की रात्री दोराने खिडकीतून उतरून बंदरात थांबलेल्या जहाजावर निघून गेली. शँडीच्या कर्त्याचं शेवटचं प्रेम मुंबईत एका खिडकीतून निसटलं. या बातमीचा माझ्या मुद्द्याशी काडीचा संबंध नाही, पण ती सांगितल्याशिवाय राहवेना. स्टर्नचं प्रेतही थडग्यात स्वस्थ राहिलं नाही म्हणतात. प्रेतं पळवणाऱ्यांनी ते केंब्रिजच्या शवविच्छेदनाच्या टेबलावर पोचवलं आणि तिथे कुणीतरी चेहरा ओळखला. १९६९ साली त्याचे अवशेष त्याच्या कॉक्सवोल्ड गावी नेऊन पुरले. थांबतो.

सिनेमावरचे आक्षेप मला ठाऊक आहेत आणि काही मला पटतातही. कूगन आणि ब्रायडन यांची ब्रिटिश टीव्हीवरची जुनी ओळख ज्याला नाही, त्याच्या डोक्यावरून काही विनोद जातात, माझ्या गेले. सिनेमात सिनेमा ही युक्तीही नवी नाही, आणि दिग्दर्शक ते लपवत नाही, इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'साडेआठ' या सिनेमातलं संगीतच वाजवतो. नटांचा अहंकार थोडा जास्तच वेळ खातो. पटकथालेखक फ्रँक कॉट्रेल बॉइस दिग्दर्शकाशी बिनसल्यामुळे नाव काढून घेऊन गेला, आणि श्रेयनामावलीत त्याच्या जागी 'मार्टिन हार्डी' असं खोटंच नाव आहे. नावातच माणसाचं नशीब असतं असं मानणारे वॉल्टर शँडी, मुलाचं नाव ट्रिसमेजिस्टस ठरवतात आणि मोलकरणीच्या तोंडात ते अर्धवट राहून ट्रिस्ट्रम पडतं. त्या पुस्तकावरच्या सिनेमाच्या लेखकाचं नाव असं हरवावं, हे मला काही केल्या गंभीरपणे घेता येत नाही.

खरं नुकसान दुसरीकडे आहे. कादंबरीत टोबीकाकाचा एक प्रसंग आहे. जेवताना एक माशी त्याच्या नाकाभोवती घोंघावून छळते. तो तिला मोठ्या प्रयासाने पकडतो, आणि खिडकी उघडून सोडून देतो: जा बाई, तुला कशाला दुखवू, तुला आणि मला दोघांना पुरेल एवढं हे जग मोठं आहे. दहा वर्षांचा ट्रिस्ट्रम हे बघत असतो आणि आपल्यात जो काही भलेपणा आहे त्यातला अर्धा त्या माशीमुळे आहे, असं तो पुढे सांगतो. आयुष्यभर लुटुपुटीच्या तोफा डागणारा, युद्धात मोडलेला माणूस आणि एक माशी. स्टर्नच्या हसण्याखाली हा ओलावा सतत झिरपत असतो. सिनेमात तो फार थोडा उरलाय. ब्रायडन त्याच्या जवळ जातो, पण दिग्दर्शकाला पुढच्या थट्टेची घाई आहे. कोऱ्या पानाची, काळ्या पानाची मला खंत नाही. माशीची आहे.

पण ही तक्रार मला करता येते, कारण सिनेमाने बाकीचं घर उचलून आणलं. 'तृष्णा' बघताना काय राहिलं ते मला दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडल्यावर कळलं. इथे काय राहिलं ते थिएटरमध्येच कळलं, कारण त्याच्या भोवतीचं सगळं जागेवर होतं. इंग्रज समीक्षक सॅम्युअल जॉन्सनने १७७६ साली निकाल दिला होता की विचित्र वस्तू फार काळ टिकत नाही, 'ट्रिस्ट्रम शँडी' टिकली नाही. त्या वाक्यालाही आता अडीचशे वर्षं होत आली. जॉन्सनला वाटलं विचित्रपणा ही वरची कलाकुसर आहे, झिजून जाईल. आजचे सिनेमाबंदीवालेही तेच म्हणतात, फक्त उलट्या बाजूने: वरची कलाकुसर पडद्यावर येणार नाही आणि ती काढली तर खाली काही नाही. दोघांनाही खाली हसणारा माणूस दिसत नाही. त्याला पडद्यावर आणायचा, तर आणणाऱ्याने आधी स्वतःवर हसायची तयारी ठेवायला हवी. म्हणून अशा पुस्तकाला गंभीर, भव्य, सुवर्णमहोत्सवी रूपांतराचा धोका जास्त आणि थट्टेखोर रूपांतराचा कमी. अभिजात म्हटलं की आपण वाकून नमस्कार करतो, आणि वाकलेल्या माणसाला समोरच्याचा चेहरा दिसत नाही.

तर ते मागच्या रांगेतले गृहस्थ. खेळ संपल्यावर चर्चा झाली, 'गोष्ट कुठंय' या त्यांच्या प्रश्नावर दोघा-तिघांनी बरंच इंग्रजी बोलून घेतलं, त्यांचं समाधान झालं नाही. मी खाली चहाच्या टपरीवर आलो तेव्हा ते बाकड्यावर बसून घरी फोनवर बोलत होते. एका हातात कटिंग.

"अगं, निघतोच. नाही, काही विशेष नाही, त्या मुलाचा जन्मच होईना... होतो, होतो शेवटी. पण मध्येच ते लोक बूट बघत बसतात ना... बूट म्हणजे टाच. थांब, तुला खिडकीचं आधी सांगायला पाहिजे. त्या खिडकीतलं शिसं होतं ना, ते काकाने... काका म्हणजे बापाचा भाऊ गं, लढाईत लागलेला. कुठे लागलेलं? तेच तर कुणी सांगत नाही! बरं ऐक, शिसं..."

चहा निवत चालला होता. मी दुसरा सांगितला आणि बाकड्याच्या टोकाला बसलो.